नुसतं इंजिन आणू नका

स्वतः गाडी जुळवायला आमच्याकडून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, नेणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती हॉर्सपॉवरपर्यंतचं इंजिन बसेल?" बसायला बरंच काही बसतं. आमचा वेळ खातात ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणलेली सुटी इंजिनं. स्वस्तात मिळालेली, वरून चकाचक धुतलेली, आणि वायरिंगचा गुच्छ कटरने कापलेला.

अशा इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, जुन्या गाडीतच राहिलेला असतो. तो मिळाला तरी किल्ली नसते, आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) असलेला ईसीयू आपली किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू देत नाही. स्टार्टर फिरत राहतो, इंजिन घेत नाही. पुढे कळतं की थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणजे त्याच गाडीचं पॅडलही हवं. या शोधाशोधीत महिने जातात आणि फोन आम्हाला येतात.

म्हणून इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील, ईसीयू, न कापलेलं वायरिंग, किल्लीसकट इग्निशन स्विच आणि पॅडल असं सगळं एकाच गाडीचं घ्या. ठोकलेली पण चालू अख्खी गाडी मिळाली तर सर्वांत उत्तम. इंजिनाचा आवाज तरी आधी ऐकता येतो.

आमच्या चासीत इंजिन पुढे, उभं म्हणजे गाडीच्या लांबीत बसतं आणि ओढ मागच्या चाकांना. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीतलं आडवं इंजिन उभं करता येतं, पण त्याचा गिअरबॉक्स बाद होतो, इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं वेगळं बेलहाउसिंग लागतं आणि पाण्याचे पाइप नेमके फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, येतात. १९८९ साली आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-५ मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स मुळातच उभ्या रेषेत आहेत. आम्ही तिचंच नाव पुढे करतो, तेव्हा काहींना वाटतं आमचं त्यात कमिशन आहे. नाही. तिचं इंजिन बसवायची फाउंडेशनं मात्र आम्ही तयार ठेवतो, हे खरं.

"पण तिची ११५ हॉर्सपॉवर कमी नाही का?" मूळ गाडी साधारण ९५० किलोची, तुमची तयार होईल तेव्हा ५५० च्या आसपास. म्हणजे टनाला १२० हॉर्सपॉवरवरून थेट २०० च्या वर. आधी ती चालवून बघा, मग बोलू.

सुझुकीच्या हायाबुसा बाइकचं इंजिन मागणारेही असतात. हलकं आहे, झकास आहे. पण त्याला रिव्हर्स गिअर नाही. शिवाय बाइक वळणावर कलते, त्यामुळे ऑइल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाशीच राहतं. गाडी तशी कलत नाही. ऑइल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. चेंबरमध्ये ऑइल अडवणारे आडपडदे घातल्याशिवाय ते इंजिन आम्ही बसवून देत नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

पैसे देण्याआधी क्रँकच्या (इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मध्यापासून चेंबरच्या तळापर्यंतचं माप घ्या आणि आम्हाला पाठवा. चेंबर चासीच्या खाली लोंबत असेल तर कापून, वेल्ड करून उथळ करून देतो; त्याचे पैसे वेगळे. सोबत दोन फोटो हवेत: एक इंजिनाच्या बाजूचा, दुसरा वायरिंगचा, आणि त्यात गुच्छाची टोकं दिसली पाहिजेत.