पंधरा वर्षांची बेस मॉडेल थार, घरी बसवलेले जादा लाइट आणि आरटीओचं पासिंग

पहिली थार 2010 मध्ये बाजारात आली. त्या सुरुवातीच्या गाड्यांची पंधरा वर्षं आता भरू लागली आहेत आणि त्या एकेक करून नोंदणी नूतनीकरणासाठी आरटीओच्या मैदानावर उभ्या राहत आहेत. बेस मॉडेल म्हणजे समोर दोन गोल हॅलोजन हेडलाइट, बाकी काही नाही. पावसाळ्यात आंबोली किंवा ताम्हिणीच्या धुक्यात तेवढ्या उजेडावर भागत नाही, म्हणून बहुतेक मालकांनी स्वतःच फॉग लाइट, स्पॉट लाइट, टपावर एलईडी बार असं काही ना काही चढवलेलं असतं. पासिंगला नेमकं तिथेच अडतं. कोणता दिवा चालतो, कोणता कागद लागतो आणि गाडी कशी तयार करायची, ते इथे देत आहे. आज नवीन दिवे बसवायला निघालेल्यांनाही हे सगळं तसंच लागू आहे.

आधी मुदत, कारण ती चुकीची वाचली जाते

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं वैध असते आणि ती नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. शोरूमच्या बिलाची तारीख, गाडी बनली ते साल, गाडी तुमच्या नावावर झाली तो दिवस, यांतलं काहीही धरू नका. जुनी गाडी घेणारे हमखास फसतात ते इथेच: मालक बदलला म्हणून पंधरा वर्षं नव्याने सुरू होत नाहीत. आरसीवर नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ती तारीख छापलेली असते, तीच खरी.

नूतनीकरणाचा अर्ज म्हणजे फॉर्म 25, तो या तारखेच्या आधीच्या 60 दिवसांत करायचा. हे 60 दिवस तारीख उलटल्यावर मिळणारी सवलत आहे असं समजून कितीतरी जण निवांत राहतात. तशी सवलत नाही. उशीर झाला की महिन्यामागे जादा शुल्क चढतं, आणि त्याहून वाईट म्हणजे वैध नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर येते. त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनीला नकाराचं कारण आयतंच मिळतं.

कोणता दिवा पात्र

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधले दोन नियम वाचल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

नियम 111 सांगतो की गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायचा नाही. अपवाद एकच: अपवादात्मक परिस्थिती आणि नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी. बंदी दिवा लावण्यावर, म्हणजे जोडण्यावर आहे. त्यामुळे ‘आम्ही रस्त्यावर पेटवतच नाही’ किंवा ‘वर कव्हर घातलंय’ हे उत्तर पुरत नाही. टपावरचा लांब पल्ल्याचा बार याच नियमात अडकतो.

नियम 106 झगमगाटाबद्दल आहे. दिव्यापासून 8 मीटर पुढे, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणार नाही, इतका झोत कायमचा खाली वळवलेला हवा. समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे साधारण तिथेच असतात, म्हणून ही मापं.

या दोन्हींतून निभावतो तो फॉग लाइट. मानकांच्या भाषेत तो ऐच्छिक दिवा आहे आणि आरसीवर त्याची नोंद नसते. अटी एवढ्या: संख्या दोन, रंग पांढरा किंवा पिवळा, जमिनीपासून किमान 250 मिमी उंच, लो बीमपेक्षा (हेडलाइटच्या खालच्या झोतापेक्षा) वर नाही, गाडीच्या बाहेरच्या कडेपासून 400 मिमीच्या आत. हेडलाइट चालू असो वा नसो, फॉगचं बटण वेगळं हवं. पण पार्किंग लाइट लागल्याशिवाय तो पेटता कामा नये.

बुलबारवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी कठड्यावर, दिवे बसवू नका. क्रॅश गार्ड आणि बुलबारवर कारवाई करा असं केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये सगळ्या राज्यांना कळवलेलं आहे. बुलबारवर दिवा म्हणजे एका जागी दोन हरकती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ(4) प्रमाणे बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. चार दिवे हा एकच बदल, असं तुम्ही धरून चाललात म्हणून अधिकारी तसं धरेलच असं नाही.

नियम 111 ची परवानगी: जी जवळपास कोणाकडेच नसते

नियमात यासाठी अर्जाचा नमुना दिलेला नाही आणि ‘अपवादात्मक’ म्हणजे काय तेही सांगितलेलं नाही. सगळं अधिकाऱ्याच्या समजुतीवर सोडलेलं आहे. लोकांनी काय लिहायचं, काय जोडायचं, हे एका परिपत्रकात सांगायला काय हरकत होती, कळत नाही. तोवर साध्या कागदावर अर्ज करा. गाडी ज्या कार्यालयात नोंदलेली आहे तिथल्या नोंदणी प्राधिकाऱ्याच्या नावे लिहा. गाडी क्रमांक, दिव्याचा प्रकार, वॅट, बसवण्याची जागा, कारण आणि वापराचं ठिकाण द्या. सोबत आरसीची प्रत, दिव्याचं माहितीपत्रक आणि बदल करण्यापूर्वीचा गाडीचा समोरून काढलेला फोटो जोडा. बचाव पथक किंवा जंगलातलं काम असेल तर त्या संस्थेचं पत्र हवंच. केवळ ट्रेकला जातो या कारणावर आशा ठेवू नका.

आवक शिक्क्याची पोच म्हणजे परवानगी असं समजून ती डॅशबोर्डात ठेवणारे पुष्कळ आहेत. पोच म्हणजे अर्ज पोहोचला, एवढंच. लेखी मंजुरी हातात येईपर्यंत दिवा खोक्यातच ठेवा, कारण नियमातला शब्द ‘पूर्वपरवानगी’ आहे.

दिव्याचा कागद

फॉग लाइट बसवला तरी तो मान्यताप्राप्त आहे हे दाखवता आलं पाहिजे. दिव्याची काच पुसून उजेडात तिरकी धरा. गोलात ई आणि एक आकडा दिसेल. त्याच्याजवळ बी हे अक्षर किंवा एफ-3 असेल तर तो फॉग लाइट म्हणून तपासलेला आहे. आता सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट: स्वस्त एलईडी बारवरही ई-मार्क असतो, पण शेजारी 10-आर लिहिलेलं असतं. ती मान्यता रेडिओ-लहरींच्या व्यत्ययाची आहे, झोताशी तिचा काडीचा संबंध नाही. आयपी 67 हा तर पाणी आणि धूळ आत न शिरण्याचा दर्जा. दुकानदार दोन्ही ‘अप्रूव्हल’ म्हणून खपवतात. खुणेचा जवळून फोटो काढा आणि जीएसटी बिलावर दिव्याचा मॉडेल क्रमांक लिहून घ्या. नुसतं ‘लाइट सेट, नग 1’ लिहिलेलं बिल निरुपयोगी आहे.

वायरिंग

55 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 110 वॅट, 12 व्होल्टला साधारण 9 अँपिअर. हेडलाइटच्या वायरीला टाका मारून हे ओढू नका. बॅटरीच्या प्लसपासून 15 ते 20 सेंमीच्या आत 15 अँपिअरचा फ्यूज, तिथून चार पिनांच्या 30 अँपिअर रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) 30 नंबर पिनला, 87 वरून दोन्ही दिव्यांना. वायर 2.5 चौरस मिमी, खरी तांब्याची. पार्किंग लाइटच्या वायरीतून बटणाला आणि बटणातून रिलेच्या 86 ला, 85 अर्थिंगला. या भागाला 0.75 चौरस मिमीची वायर भरपूर झाली. पार्किंगमधून घेतलं की पार्किंग लाइटची वरची अट आपोआप पूर्ण होते.

वायरीची जाडी वाचवू नका. बॅटरीपासून दिव्यापर्यंत 2 मीटर धरले तर जाऊन-येऊन 4 मीटर होतात. 2.5 च्या वायरीत पाव व्होल्ट पडतो, 0.75 च्या वायरीत जवळपास 0.8. हॅलोजनमध्ये एवढ्याने पाचवा हिस्सा उजेड जातो, मग माणूस जास्त वॅटचा बल्ब घालतो आणि बिघाड वाढत जातो.

अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून धातू उघडा करा आणि बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावा. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, घाला. पत्र्याच्या कडेला घासून इन्सुलेशन कापलं जातं आणि आधी फ्यूज असेल तरच गाडी वाचते. ब्रॅकेटसाठी चेसिसला भोक पाडू नका, वेल्डिंग तर अजिबात नको. बंपरची असलेली भोकं वापरा. नंबरप्लेटचा एकही आकडा झाकला जाऊ देऊ नका.

हेडलाइटमध्ये 60/55 वॅटचेच बल्ब हवेत. शंभर-नव्वदचे घातले असतील तर मागचा होल्डर काढून बघा: पिनांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी, ठिसूळ झालेलं दिसेल. बल्बसोबत होल्डरही बदला. हॅलोजनच्या परावर्तकात एलईडी बल्ब घातला की झोताची कडा फुटते. तपासणीत हा फुटलेला झोत भिंतीवरच दिसतो, त्यासाठी यंत्रही लागत नाही.

झोत लावणं

टायरची हवा बरोबर करून, सपाट जागेवर, भिंतीपासून 8 मीटरवर गाडी उभी करा. फॉग लाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा आणि त्याखाली 16 सेंमीवर दुसरी रेघ मारा. झोताची वरची कडा या खालच्या रेघेवर आली पाहिजे. हा 2 टक्के उतार झाला. गाडीत मागे सामान असेल तर नाक वर उचललं जातं, म्हणून रिकाम्या गाडीवर चालक बसवून मोजा. स्प्रिंग बदलून गाडी उंच केली असेल तर हेडलाइटही नव्याने लावावे लागतात. नटाला लॉक वॉशर घाला, नाहीतर चार खड्ड्यांत सगळी मेहनत वाया.

पासिंगचे कागद

फॉर्म 25, मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा, कराची पावती हे नेहमीचं. महाराष्ट्रात पंधरा वर्षांपुढच्या गाडीला पर्यावरण कर आहे, तो भरा. वेबसाइटवर अर्ज, शुल्क आणि अपॉइंटमेंट यात विशेष काही नाही. अडतं ते पुढच्या चार जागी.

पहिली, आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, पण बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 कोणी आरटीओत दिलेलाच नसतो. इतक्या वर्षांपूर्वीच्या कर्जाचा कागद शाखेतून मिळायला आठवडे जातात, म्हणून हे काम 60 दिवसांची मुदत सुरू होण्याआधीच हातात घ्या. दुसरी, चेसिस क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने घासून उमटवलेला ठसा. जुन्या गाडीत क्रमांकावर गंज आणि अंडरकोटिंगचा थर असतो. रॉकेल आणि कापडाने हळूहळू साफ करा, ग्राइंडर लावलात तर क्रमांकच जाईल आणि मग तो खोडला गेल्याचं वेगळंच प्रकरण मागे लागेल. तिसरी, थकीत ई-चलनं. चौथी, एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट.

मैदानावर जाण्याआधी नियम 111 मध्ये बसणारे दिवे ब्रॅकेटसकट उतरवा, लोंबणाऱ्या वायरी काढा, बटणाचं भोक बुजवा. फॉग लाइटचं बिल आणि खुणेचा फोटो छापून फाइलीत ठेवा, मोबाइलवर दाखवू म्हणू नका. पासिंग होईपर्यंत उतरवायचं आणि संध्याकाळी पुन्हा चढवायचं, असा सल्ला एजंट देतात. तो मानू नका. रात्री घाटात समोरच्याला काही क्षण काहीच न दिसणं काय असतं, ते दुचाकीवाल्यांना विचारा.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा आणि त्यावर तारीख-सही घ्या. ‘लाइट काढून या’ एवढं तोंडी ऐकून परत आलात, तर पुढच्या वेळी दुसरा निरीक्षक दुसरंच काही काढायला सांगू शकतो आणि तुमच्या हातात काहीच नसतं.