सहदायाद : जन्माने मिळणाऱ्या हक्काची पार्श्वभूमी

एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत ज्यांना जन्मतःच हक्क मिळतो, त्यांना कायद्याच्या भाषेत सहदायाद म्हणतात. वारसाहक्क कोणाच्या तरी मृत्यूनंतर उत्पन्न होतो. सहदायादाचा हक्क मात्र वडील हयात असतानाच अस्तित्वात असतो.

या कल्पनेचा आधार म्हणजे विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका (भाष्य). कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात ती लिहिली गेली. पुत्राचे स्वामित्व जन्मानेच सिद्ध होते, असे तिचे प्रतिपादन आहे; बंगालमध्ये प्रमाण मानल्या गेलेल्या जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने नेमके हेच नाकारले. मिताक्षरेनुसार वाटणी होईपर्यंत कोणाचाही हिस्सा कायम नसतो. वडील आणि दोन मुलगे असतील तर वाटणीत प्रत्येकी १/३ येईल. तिसरा मुलगा जन्मला की १/४, आणि त्यांतला एखादा अविवाहित भाऊ वारला की पुन्हा १/३, कारण जुन्या नियमाने मृताचा हिस्सा उरलेल्या सहदायादांकडे जात असे.

संस्कृतचे इंग्रज अभ्यासक कोलब्रुक यांनी १८१० मध्ये ‘दायभाग’ आणि ‘मिताक्षरे’तील दायविषयक भाग इंग्रजीत आणला. पुढे इंग्रजी अमलातील न्यायालयांत या व्यवस्थेला ‘कोपार्सनरी’ हे इंग्लंडच्या जमीनकायद्यातले नाव रूढ झाले. तिथे हा शब्द प्रामुख्याने मुलींशी निगडित होता : मुलगा नसलेला जमीनधारक वारला की त्याच्या सर्व मुली मिळून वारस होत. इथे मात्र तोच शब्द अशा मंडळाला लागला, ज्यात मुलीला जागाच नव्हती. ही विसंगती अभ्यासकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलीला वारस केले, सहदायाद नव्हे. बाप वारला, आई हयात नसेल आणि एक मुलगा व एक मुलगी असेल, तर आधी बाप-लेकात काल्पनिक वाटणी होऊन (म्हणजे मृत्यूपूर्वीच वाटणी झाली असे मानून) मुलाला निम्मे मिळे, मग बापाच्या निम्म्यातून दोघांना प्रत्येकी १/४. म्हणजे भावाला ३/४ आणि बहिणीला १/४. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला सहदायाद करणारी दुरुस्ती केली खरी, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली तिच्याबाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आणि तितकेच दायित्व दिले. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या वाटण्यांना कायद्याने संरक्षण आहे. पण तोंडी वाटणीचा बचाव सबळ सार्वजनिक दस्तऐवज असल्याखेरीज मानू नये, असेही न्यायालयाने बजावले, कारण मुलीला वगळण्यासाठी अशी वाटणी मागाहून दाखवणे फार सोपे असते.