पकडलेली राणी मुंगी नेमकी कोणती? ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की संध्याकाळी व्हरांड्यातल्या दिव्याखाली पंखवाल्या किड्यांचा खच पडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्याकडे फोटो येऊ लागतात. प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: ही राणी कोणत्या जातीची? आम्ही मुंग्यांसाठी काचेची घरटी आणि नळ्या तयार करतो, मुंग्या विकत नाही. राणी आपण स्वतः शोधून आणलेली असते, त्यामुळे तिची ओळख पटवण्याचे कामही आपल्यापासूनच सुरू होते.

हे नाव डबीवर चिकटवण्यापुरते नसते, तिला कसे सांभाळायचे हे त्यावर ठरते. मोठ्या काळ्या मुंगळ्याची राणी पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येईपर्यंत काहीही खात नाही. उडण्याचे निकामी झालेले स्नायू शरीरातच विरघळवून ती त्यांवर पिल्ले वाढवते, आणि काळजीपोटी आपण रोज नळी उघडून साखरपाणी देत राहिलो तर घाबरून स्वतःचीच अंडी खाऊन टाकू शकते. याउलट नांगीवाल्या शिकारी मुंग्यांपैकी अनेक जातींच्या राण्या या काळातही बाहेर पडून शिकार आणतात, त्यामुळे त्यांना बंद नळीत तसेच ठेवले तर त्या उपासमारीने मरतात.

आधी ती राणी आहे ना, हे पाहावे

आमच्याकडे येणाऱ्या फोटोंत वाळवीचे पंखवाले किडे पुष्कळ असतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या आणि छाती व पोट यांच्यामध्ये कंबर अशी नसतेच. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, मिशा कोपरात दुमडल्यासारख्या आणि कंबर बारीक असते. नर मुंगीचे डोके शरीराच्या मानाने लहान व डोळे मोठे असतात. दिव्याभोवती धडपडणारा, लांबोडक्या पोटाचा, तपकिरी, केसाळ आणि गांधीलमाशीसारखा दिसणारा मोठा किडा अनेकांना भलीमोठी राणी वाटतो, पण तो डोरायलस या लष्करी मुंगीचा नर असतो. त्या मुंगीच्या राणीला पंख कधीच फुटत नाहीत. खऱ्या राणीची छाती फुगीर आणि पोट भरदार असते, डोक्यावर तीन साधे नेत्र ठिपक्यांसारखे दिसतात, आणि पंख गळून गेलेले असले तरी छातीच्या बाजूंना ते जिथून तुटले त्या खुणा भिंगातून स्पष्ट दिसतात.

एक अपवाद इथेच सांगायला हवा. डायकॅमा ही काळी, अंगावर बारीक रेघा असलेली, कंबरेच्या गाठीवर दोन काटे मिरवणारी मोठी मुंगी अनेक जण राणी समजून आणतात. तिच्या वारुळात राणी असा वेगळा प्रकारच नसतो. कामकरींपैकीच एकीचे मीलन होते आणि तीच अंडी घालते.

कंबर, पोटाचे टोक आणि कोश

रंगावर भिस्त ठेवू नये, असे आमचे अनुभवावरून स्पष्ट मत आहे. नुकतीच कोशातून निघालेली काळी मुंगीसुद्धा फिकट पिवळसर असते, आणि पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत तपकिरी राणी लाल दिसते. कंबर मात्र फसवत नाही. दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगातून बाजूने पाहावे आणि छाती व पोट यांच्यामध्ये गाठी किती आहेत ते मोजावे. दोन गाठी असतील तर राणी बहुधा लाल मुंगी (सोलेनॉप्सिस), मोठ्या डोक्याचे शिपाई असणारी फायडोली किंवा पोट हृदयाच्या आकाराचे असणारी क्रेमॅटोगॅस्टर यांच्या उपकुळातली (जवळच्या मुंग्यांच्या गटातली) असते. गाठ एकच असेल तर पोटाचे टोक पाहावे: तिथे केसांची झालर असलेले बारीक गोल छिद्र दिसले तर ती फॉर्मिक आम्ल फवारणाऱ्या उपकुळातली, म्हणजे मुंगळा (कॅम्पोनोटस) किंवा कोकण-गोव्यात हुमले म्हणतात त्या पाने शिवणाऱ्या मुंग्या (इकोफायला) यांच्या गोतावळ्यातली असते. हुमल्यांची राणी तर हिरवट असल्याने चटकन लक्षात येते. गाठ एक, टोकाला नांगी आणि पोटाच्या पहिल्या दोन भागांमध्ये खाच असेल, तर ती शिकारी मुंग्यांपैकी समजावी.

राणीने अंडी घातल्यावर आणखी एक पुरावा आपोआप मिळतो. काही आठवड्यांनी नळीत तांदळाच्या दाण्यासारखे बदामी कोश दिसू लागले, तर दोन गाठींच्या मुंग्या यादीतून वगळता येतात, कारण त्यांचे कोशित (अळीनंतरची, मुंगी घडत असतानाची अवस्था) उघडे असते आणि पांढऱ्या त्वचेतून पाय व मिशा दिसतात. मुंगळ्याचे कोशित रेशमी वेष्टनात असते. हुमले याच उपकुळातले असूनही त्यांचे कोशित उघडे असते, कारण अळ्यांचे सगळे रेशीम घरट्याची पाने शिवण्यात खर्ची पडते.

वंश कळतो, जाती मागाहून

कॅम्पोनोटस कंप्रेसस या नावातला पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा जातीचा. वर सांगितलेल्या खुणांवरून बहुतेक वेळा वंशापर्यंत पोहोचता येते. जातीसाठी मात्र कामकरी मुंगी हाताशी लागते, कारण मुंग्यांच्या अनेक जातींचे शास्त्रीय वर्णन केवळ कामकरीवरून झालेले आहे. कीटकशास्त्रज्ञ बिंगहॅम यांचा 1903 सालचा ब्रिटिश हिंदुस्थानातील मुंग्यांवरचा ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडला जातो, पण त्यातही बरीच वर्णने कामकरींचीच आहेत. लाल मुंगी आणि फायडोली यांच्या राण्या नवख्याला सारख्या वाटतात. कामकरी आल्या की मिशांचे भाग मोजता येतात. लाल मुंगीच्या मिशीत 10 भाग असून शेवटचे 2 फुगीर असतात, तर आपल्याकडच्या फायडोलीत सहसा 12 भाग आणि शेवटचे 3 फुगीर असतात. म्हणून आमच्या उत्तरात "कॅम्पोनोटस, जाती अनिश्चित" असे लिहिलेले असल्यास तो कामचुकारपणा समजू नये. चुकीचे नाव एकदा वहीत चढले की राणीची निगा, खाणे आणि पुढच्या सगळ्या नोंदी चुकत जातात.

फोटो पाठवताना

राणीला स्वच्छ काचनळीत घ्यावे, नळीखाली मिलिमीटरच्या चौकटींचा आलेख कागद ठेवावा आणि दिवसाच्या उजेडात तीन फोटो काढावेत: एक बाजूने, एक समोरून चेहऱ्याचा, एक वरून. बाजूचा फोटो अस्पष्ट असेल तर बाकीचे दोन फारसे उपयोगी पडत नाहीत, त्यामुळे त्यासाठी थोडा जास्त वेळ द्यावा. सोबत गाव, तारीख, वेळ, आदल्या दिवशी पाऊस होता की नाही आणि ती जमिनीवर, झाडावर की दिव्याखाली सापडली, हे लिहावे. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून राणी आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथले जीव उचलण्यास मनाई आहे.

जिवंत राणी कुरिअरने पाठवू नये. फोटो पाठवून झाल्यावर नळी अंधारात, हादरे न बसणाऱ्या जागी ठेवावी आणि पहिल्या कामकरी बाहेर आल्या की त्यांचे फोटो पुन्हा पाठवावेत. त्यासाठी वेगळे पैसे आम्ही घेत नाही.