सिस्टर, वायच वाढवा

आमच्या सिंधुदुर्गात कुठल्याही वॉर्डात हे वाक्य ऐकू येतंच, 'आयेक दम लागता हा, वायच वाढवा', म्हणजे आईला दम लागतोय, ऑक्सिजन जरा वाढवा. ऑक्सिजन म्हणजे शेवटी हवाच ना, जास्त दिली तर बिघडतंय काय, असं लोकांना वाटतं. आणि खरं सांगू, बरीच वर्षं डॉक्टरांनाही तसंच वाटायचं.

प्रीस्टलीने हा वायू १७७४ मध्ये वेगळा केला, पण तो मोजून द्यायला पहिलं महायुद्ध यावं लागलं. तोवर तोंडासमोर नरसाळं धरायचे, बराचसा वायू खोलीतच जायचा. विषारी गॅस लागलेल्या सैनिकांसाठी ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेनने १९१७ च्या सुमारास मास्क लावून सलग ऑक्सिजन देण्यावर भर दिला.

नंतर मात्र फटका बसला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना इन्क्युबेटरमध्ये भरपूर ऑक्सिजन द्यायचे, बाळं वाचायची पण आंधळी व्हायची, १९५१ मध्ये मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी बोट ऑक्सिजनकडेच दाखवलं.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. जन्मभर चुलीच्या धुरात भाकऱ्या भाजलेली आजी, फुप्फुसं कामातून गेलेली. तिला भसाभस ऑक्सिजन दिला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, ती गुंगीत जाते आणि नातेवाईक म्हणतात, बरं झालं, झोप लागली एकदाची! अशांसाठीच मोरान कॅम्पबेल या दुसऱ्या डॉक्टरने १९६० मध्ये व्हेंचुरी मास्क आणला, ठरावीक प्रमाणातच ऑक्सिजन देणारा. २००८ च्या ब्रिटिश गाइडलाइनने तर आकडेच दिले, अशा पेशंटला सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८८ ते ९२ टक्के, बाकीच्या बहुतेकांना ९४ ते ९८.

पण हे सॅच्युरेशन मोजायला बोटाला लावायचा तो चिमटा, त्यामागची कल्पना जपानच्या आओयागींची, १९७४ ची. त्याआधी सिस्टर ओठ आणि नखं बघायच्या, ती निळी दिसेपर्यंत उशीर झालेला असायचा. आज आकडा दिसतो तरी बघायचं पुष्कळ असतं, साधा मास्क मिनिटाला ५ लिटरच्या खाली ठेवला तर सोडलेला श्वासच पेशंट परत घेतो, नळी कानामागे घासून जखम होते, सिलिंडरच्या व्हॉल्व्हला तेलकट हात लागला तर आग लागू शकते.

आणि घाट चढून कोल्हापूरला पाठवायचं असेल तर अ‍ॅम्ब्युलन्स सुटण्याआधी हिशोब. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन, मिनिटाला १० लिटरने दीडशे मिनिटं. पावसाळ्यात दरड आली तर? म्हणून सिस्टर दुसरा सिलिंडर चढवायला लावते, आणि स्वतः किल्ली फिरवून प्रेशर बघते.