ट्रान्सजेंडर स्मृतिदिन

हिंसाचारात जीव गमावलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या स्मरणार्थ दरवर्षी २० नोव्हेंबरला पाळला जाणारा दिवस. तो अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झाला. आता भारतासह अनेक देशांत पाळतात. ३१ मार्चचा ट्रान्सजेंडर दृश्यमानता दिन वेगळा. तो आनंदाचा असतो. २० नोव्हेंबरला मात्र कुणाला शुभेच्छा देत नाहीत.

२८ नोव्हेंबर १९९८ रोजी बॉस्टनच्या ऑलस्टन भागात रीटा हेस्टर या कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रीचा (जन्मावेळी पुरुष अशी नोंद झालेली, पण स्त्री असलेली व्यक्ती) राहत्या घरात भोसकून खून झाला. खुनी सापडला नाही. वृत्तपत्रांनी तिचा उल्लेख पुरुष म्हणून केला. दुःखात अपमानाची भर पडली आणि ४ डिसेंबरला लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले. तीन वर्षांपूर्वी, २० नोव्हेंबर १९९५ रोजी, जवळच्याच वॉटरटाउनमध्ये शनेल पिकेट मारली गेली होती. तिचा मारेकरी खुनाच्या आरोपातून सुटला आणि फक्त मारहाणीबद्दल दोषी ठरला. एवढ्यात लोक शनेलला विसरलेही, हे पाहून ट्रान्स कार्यकर्त्या ग्वेंडोलिन अ‍ॅन स्मिथ यांनी मृतांची यादी करायला घेतली. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि बॉस्टनला पहिला स्मृतिदिन झाला.

‘ट्रान्स मर्डर मॉनिटरिंग’ हा प्रकल्प १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असे वर्ष धरून जगभरच्या खुनांची नोंद ठेवतो. २०२३-२४ मध्ये ३५० खून नोंदले गेले. मृतांत बहुसंख्य ट्रान्स स्त्रिया. सर्वाधिक नोंदी वर्षानुवर्षे ब्राझीलच्या आहेत. तिथे संघटना नेटाने माहिती गोळा करतात, हेही त्यामागचे एक कारण. ज्या देशाची नोंद कमी, तिथे खून कमी, असा अर्थ काढणे चुकीचे. पंचनाम्यात आणि शवविच्छेदन अहवालात आधार कार्डावरचे जुने नाव व ‘पुरुष’ एवढेच लिहिले गेले, की ती व्यक्ती कोणत्याच यादीत येत नाही.

या दिवशीच्या सभेचा गाभा म्हणजे नामवाचन, म्हणजे मृतांची नावे वाचणे. यादी आठवडाभर आधी तयार करावी. प्रत्येकीचे तिने स्वतः निवडलेले नाव, वय आणि गाव मैत्रिणींकडून किंवा तृतीयपंथी समाजात तिला सांभाळणाऱ्या गुरूंकडून पडताळून घ्यावे, आणि परभाषेतल्या नावांचा उच्चार वाचणाऱ्याने आधी म्हणून पाहावा. नाव कळलेच नसेल, तर ‘नाव अज्ञात’ असे म्हणून गावाचा उल्लेख करावा. तो मृत्यू गाळू नये. वाचन ट्रान्स समाजातल्याच व्यक्तींनी करावे. पाहुण्यांच्या भाषणांतच तास गेला, की शेवटची नावे घाईत उरकली जातात, आणि ही चूक सर्रास होते. जखमांची वर्णने व घटनास्थळाची छायाचित्रे टाळावीत, कारण समोर बसलेल्यांपैकी अनेकींनी तशीच मारहाण सोसलेली असते. आत्महत्या यादीत घ्यायच्या की नाही याबाबत पद्धती वेगवेगळ्या आहेत. जे ठरेल ते सुरुवातीलाच सांगावे.

भारतात मृत्यूनंतरचा तंटा बहुधा देहाच्या ताब्यावरून होतो. आयुष्यभर सांभाळणारे गुरू आणि चेले कायद्याने नातेवाईक ठरत नाहीत. मग नाते तोडलेले माहेरच देह नेते, केस कापून, शर्ट-पँट घालून अंत्यविधी करते. ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. तरीही २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम १८ ने त्यांच्यावरील लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठेवली. स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षे आहे. हा फरक अन्याय्य आहे, आणि संघटनांनी त्याला सतत विरोध केला आहे.

मदत करायची तर वर्षभर करावी. धमकी आलेल्या व्यक्तीला त्याच रात्री राहायला जागा, घरभाड्याला रोख पैसे आणि पोलीस ठाण्यात सोबत, या तीन गोष्टींची निकड सर्वात जास्त असते. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवले जाते. पण दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, त्याची तक्रार कोणत्याही ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. जबाबावर सही करण्याआधी नाव आणि लिंग बरोबर लिहिले आहे का ते वाचून पाहावे. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.