शेवाळाला जेवायला कोण घालतं?

एप्रिल लागला की आमच्या मागच्या अंगणातल्या हौदातले मासे दिसेनासे होतात. मार्चपर्यंत तळाशी बसलेलं आंब्याचं पान शिरांसकट दिसत असतं. मग ऊन तापायला लागतं आणि आठ-दहा दिवसांत पाणी मुगाच्या कढणासारखं होतं. खाद्याचे दाणे टाकले की त्या हिरव्यातून एक नारिंगी तोंड वर येतं, दाणा ओढून घेतं आणि गडप होतं. हौदात पाच कोई, म्हणजे रंगीत जपानी मासे, आहेत हे आपल्याला माहीत असतं, पण दिसत एकही नाही.

अशा वेळी पहिला संशय फिल्टरवर जातो. तो धुण्याआधी हौदातलं पाणी एका काचेच्या ग्लासात घ्या आणि रात्रभर ओट्यावर ठेवा. गढूळपणा मातीचा असेल तर सकाळी तळाशी गाळ बसतो आणि वरचं पाणी निवळतं. शेवाळाचा असेल तर ग्लास सकाळीही वरपासून खालपर्यंत सारखाच हिरवा असतो. क्लोरेला, सिनेडेस्मस अशा एकपेशीय शेवाळांच्या पेशी साधारण ५ ते १० मायक्रॉनच्या. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज येईल. स्पंजाच्या छिद्रांतून त्या बिनधास्त आरपार जातात. फिल्टर कितीही घासून धुतला तरी त्या त्यात अडकायच्या नाहीत.

दुसरा प्रकार धाग्यांचा. हौदाच्या कडेला, पायपावर, कारंज्याच्या तोंडाशी हिरव्या शेवया लोंबतात. हाताला बुळबुळीत लागलं तर बहुतेक स्पायरोगायरा, ओल्या कापसासारखं खरखरीत लागलं तर क्लॅडोफोरा. हे धागे बहुधा नितळ पाण्यात माजतात, कारण तिथे ऊन तळापर्यंत पोचतं. हिरवं पाणी गेल्याच्या आनंदात असतानाच पंधरा दिवसांनी दगडांना दाढी फुटते ती यामुळेच. त्याला औषध शोधत बसू नये. एक खडबडीत काठी घ्यावी, धागे तिच्याभोवती गुंडाळावेत आणि ओढून काढावेत. या धाग्यांबरोबर हौदातलं बरंच खतही बाहेर येतं, ते कसं हे पुढे सांगतो.

कोई हा मूळचा कार्पच. आपल्याकडे धरणांवर आणि बाजारात ‘सायप्रिनस’ म्हणून जो मासा मिळतो त्याचा हा रंगीत भाऊबंद. जपानच्या निगाता प्रांतातल्या डोंगराळ, बर्फाळ गावांत भातशेतीच्या तळ्यांमध्ये शेतकरी खाण्यासाठी कार्प पाळत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांतल्या काहींच्या अंगावर रंगाचे ठिपके दिसू लागले, लोकांनी ते मासे निवडून त्यांची वीण वाढवली, आणि १९१४ साली तोक्योच्या प्रदर्शनात ते साऱ्या जपानने पाहिले. आजही निगातामध्ये कोईंना उन्हाळ्यात मातीच्या तळ्यांत सोडतात आणि शरद ऋतूत जाळं लावून बाहेर काढतात. त्या तळ्यांचं पाणी नितळ नसतं, मातकट-हिरवं असतं. कोईच्या अंगावरचा लाल-नारिंगी रंग ज्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा, ती माशाला स्वतःच्या शरीरात मुळापासून बनवता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात, आणि शेवाळ हा त्यांचा एक मोठा स्रोत आहे.

म्हणजे हिरवं पाणी हा कोईचा आजार नव्हे. ही जात वरून, पाठीकडून बघण्यासाठी घडवलेली आहे आणि पाठ दिसायची तर पाणी नितळ हवं. ती आपली गरज आहे, माशाची नाही. हे एकदा मनात पक्कं झालं की घाबरून बाटलीभर औषध ओतण्याची घाई होत नाही.

आपल्याकडचे शेततळ्यातले मत्स्यपालक तर पाणी हिरवं व्हावं म्हणून झटतात. रोहू-कटल्याच्या तळ्यात शेणखत टाकतात, सुपर फॉस्फेट टाकतात. मग कोपरापर्यंत हात बुडवून बघतात. तळहात दिसेनासा झाला की पाणी तयार झालं. कोई पाळणारा माणूस अगदी हेच करत असतो, फक्त त्याचं खत खाद्याच्या पाकिटातून जातं.

आमच्या हौदाचाच हिशेब मांडतो. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ४ फूट खोल, म्हणजे सुमारे ६,८०० लिटर पाणी. पाच माशांना रोज ४० ग्रॅम खाद्य. त्यात ३५ टक्के प्रथिनं धरली तर १४ ग्रॅम प्रथिनं, आणि प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे रोज सव्वादोन ग्रॅम नायट्रोजन. माशाच्या अंगी यातला थोडाच लागतो. बहुतेक कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपाने आणि थोडा विष्ठेतून पाण्यात येतो. खाद्यात फॉस्फरस साधारण १ टक्का असतो, म्हणजे रोज ०.४ ग्रॅम. कार्पच्या कुळातल्या माशांना जठर नसतं. धान्यातल्या आणि सोयाबीनमधल्या फॉस्फरसचा मोठा भाग ज्या फायटेटच्या रूपात अडकलेला असतो, तो त्यांना फारसा पचत नाही. निम्मा जरी वाया गेला तरी ६,८०० लिटरमध्ये लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम झाला. नैसर्गिक तलावात एकूण फॉस्फरस लिटरमागे ३०-३५ मायक्रोग्रॅमपर्यंत गेला की तो तलाव अतिपोषित मानायला लागतात. आपल्या हौदात तेवढी भर एका दिवसात पडते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पडते.

फॉस्फरसवर इतका भर का, याचं उत्तर कॅनडातल्या एका सरोवराने दिलं. ऑन्टारियो प्रांतात प्रयोगांसाठीच राखून ठेवलेल्या सरोवरांपैकी क्रमांक २२६ चं सरोवर मध्ये बारीक आहे, डंबेलसारखं. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चिंचोळ्या जागी प्लास्टिकचा पडदा लावून सरोवराचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, एकाच बाजूला जोडीला फॉस्फरसही. काही आठवड्यांत फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली आणि दुसरी गडद निळी, पूर्वीसारखीच राहिली. विमानातून काढलेला त्याचा फोटो पाहिला की पुढे काही सांगावंच लागत नाही. शेवाळाच्या शरीरात फॉस्फरस अगदी थोडा असतो, कोरड्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास. म्हणून एक ग्रॅम फॉस्फरसवर शंभरेक ग्रॅम कोरडं शेवाळ उभं राहू शकतं. तेच शेवाळ हाताने ओढून बाहेर काढलं की तेवढा फॉस्फरसही हौदाबाहेर जातो. वर काठीबद्दल म्हटलं ते याचसाठी.

रंगापेक्षा काळजी करावी ती पहाटेची. दिवसा शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं, पाण्यात ऑक्सिजन सोडतं आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. रात्री ते फक्त श्वास घेतं. माशांनाही तोच ऑक्सिजन हवा असतो, फिल्टरमधल्या जिवाणूंनाही. शिवाय कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला जेमतेम साडेसात. मेच्या उकाड्यात पहाटे पाच वाजता बॅटरी घेऊन हौदावर जा. मासे पृष्ठभागाशी तोंड वासून पाण्याचा वरचा थर गिळत असतील तर ते दाणे मागत नाहीत, त्यांचा जीव गुदमरतो आहे. तेवढ्या वेळापुरता तरी हवेचा पंप पाहिजेच, आणि लोडशेडिंगच्या गावात त्याला बॅटरीची जोड हवी.

त्याच शेवाळाचं दिवसाचं काम वेगळ्या तऱ्हेने त्रास देतं. कार्बन डायऑक्साइड संपत गेला की पाण्याचा सामू (pH) चढतो, दाट हिरव्या हौदात दुपारी तो ९ च्या वर जातो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एक माशांना फारसं बाधत नाही आणि दुसरं विषारी. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर त्यातला अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी रूपात असतो. सामू ८ ला ते ५ टक्के होतं आणि ९ ला ३५ टक्क्यांच्या वर. म्हणजे सकाळी चाचणीत बरं दिसलेलं पाणी दुपारी तीनला घातक असू शकतं. चाचणी करायची तर दोन्ही वेळा करावी.

हे सगळं मी एका वाईट अनुभवातून शिकलो. तिसऱ्या वर्षी हिरव्या पाण्याला कंटाळून हौद पूर्ण उपसला, भिंती ब्लीचिंग पावडरने घासल्या, फिल्टरमधला स्पंज आणि बायोबॉल (जिवाणूंना बसायला ठेवलेले प्लास्टिकचे गोळे) नळाखाली खळखळून धुतले. नवं पाणी आरशासारखं दिसत होतं. क्लोरीन उडावा म्हणून दोन दिवस थांबून मासे सोडले. पाचव्या दिवशी ते पर अंगाला चिकटवून तळाशी बसले, शेपटीवर लाल शिरा उमटल्या. अमोनियाच्या चाचणीत थेंब टाकताच नळी गर्द हिरवी झाली, म्हणजे अमोनिया भरपूर. फिल्टरमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू राहतात, नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरा. तपकिरी, बुळबुळीत थर म्हणून मी जो धुऊन टाकला तो म्हणजे ते जिवाणूच होते. तो थर पुन्हा तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. खाद्य बंद करून रोज पाणी बदलत राहिलो, चार मासे वाचले, एक पांढरा-लाल कोहाकू गेला. नितळ पाणी आणि निरोगी पाणी या दोन गोष्टी आहेत, अमोनियाला रंग नसतो. तेव्हापासून स्पंज धुतो तो हौदातल्याच पाण्याच्या बादलीत, आणि एका वेळी निम्माच.

बाजारातल्या उपायांपैकी हिरव्या पाण्यावर मी मनापासून एकच सुचवीन, अतिनील किरणांचा दिवा. २५४ नॅनोमीटरचे किरण शेवाळाच्या डीएनएला इजा करतात, पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि मग ते स्पंजात अडकतात. पाणी दिव्यावरून सावकाश गेलं पाहिजे. नळी निळसर पेटत राहिली तरी वर्षभराने तिचा जोर ओसरतो, तेव्हा ती बदलावी, आणि पेटलेल्या नळीकडे उघड्या डोळ्यांनी कधी बघू नये. धाग्यांच्या शेवाळावर मात्र हा दिवा चालत नाही, कारण ते दिव्यापर्यंत येतच नाही. आणि खत तो कमी करत नाही. मेलेलं शेवाळ स्पंजातून वेळच्या वेळी बाहेर काढलं नाही तर ते कुजून पुन्हा पाण्यातच विरघळतं.

मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, टाकू नका. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना बोर्डो मिश्रणातून मोरचूद चांगला ओळखीचा आहे, आणि तांबं शेवाळ मारतं हेही खरं. पण शेवाळाला पुरणारी आणि माशाला मारणारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरीसारख्या मृदू पाण्यात तर ते जवळजवळ उरतच नाही. शिवाय सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना रातोरात ऑक्सिजन संपतो. इंग्लंडमध्ये बार्लीचं काड जाळीच्या पिशवीत भरून तळ्यात सोडतात. ते कुजताना नव्या शेवाळाची वाढ रोखतं, असलेल्याला मारत नाही, आणि अनुभवही सगळीकडे सारखा नाही.

खरा उपाय देण्याघेण्याचा आहे. दोन मिनिटांत संपेल इतकंच खाद्य घाला. तळाचा गाळ आठवड्याला नळीने ओढून काढा, कारण कोईला तळ उकरायची सवय असते आणि बसलेलं खत तो पुन्हा वर आणतो. आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन घालवून. बोअरचं पाणी आधी तपासून घ्या, शेतीच्या पट्ट्यात त्यात नायट्रेट आयतंच असतं. हौदाचा काठ जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवा, नाहीतर पहिल्या वळवाबरोबर बागेतलं खत धुऊन आत येतं. दुपारच्या उन्हाच्या बाजूला शेडनेट लावा. कमळाच्या कुंड्यांवर मोठे गोटे ठेवा, नाहीतर मासे त्या उलथतात. आणि एका वेगळ्या टबात थोडं हिरवं पाणी घेऊन डॅफ्निया वाढवा. शेवाळ खाणाऱ्या या पाणपिसवा हौदात सोडल्या तर कोई त्या क्षणात गिळतील, पण टबातलं हिरवं पाणी त्या आठवड्यात चक्क नितळ करतात, आणि माशांना खाऊ मिळतो तो वेगळाच.

माझा सगळ्यात मोठा भरवसा मात्र कर्दळीवर आहे. हौदाच्या शेजारी, थोडी उंचावर, हौदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी खडीची वाफी केली. पंप पाणी तिच्यात चढवतो, ते खडीतून आणि मुळांमधून झिरपत परत हौदात पडतं. त्यात कर्दळ, वेखंड आणि एका कोपऱ्यात पाणकणीस लावलं. जलपर्णी याहून जोरात खत शोषते, पण ती नाल्यात गेली की काय होतं ते पवना आणि मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्यांना सांगायला नको. वाफीतली झाडं कापत राहावी लागतात. पानं तिथेच पिवळी पडून सडली तर घेतलेलं सगळं पाण्याला परत देतात. दर पंधरा दिवसांनी विळा घेऊन बसतो, जुने दांडे बुडापासून छाटतो. गेल्या दिवाळीच्या आधी एका बैठकीत तीन घमेली भरली आणि ती नारळाच्या आळ्यात ओतली. त्या आठवड्यात तळाशी पडलेलं आंब्याचं पान पुन्हा शिरांसकट दिसत होतं.