अवे गोल ‘डबल’ कधीच नव्हता: २०१८-१९ च्या चॅम्पियन्स लीगचा हिशेब

‘अवे गोल डबल धरतात.’ म्हणजे परक्या मैदानावर मारलेला गोल दोन गोलांइतका. गेली कित्येक वर्षं हे वाक्य मी ऐकतोय. चहाच्या टपरीवर ऐकलं, मैदानाच्या कट्ट्यावर ऐकलं आणि टीव्हीवरच्या समालोचनातही ऐकलं. ते चूक आहे. अवे गोलचा नियम रद्द होऊनही काही वर्षं झाली, पण जुन्या सामन्यांचा विषय निघाला की हेच वाक्य पुन्हा कोणीतरी ठोकून देतं. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या २०१८-१९ च्या हंगामाचा विषय निघाला तर हमखास, कारण बाद फेरीत अवे गोलमुळे इतकं रामायण क्वचितच एखाद्या हंगामात घडलं असेल.

अ‍ॅग्रीगेट म्हणजे काय हे फुटबॉल बघणाऱ्याला सांगायची गरज नाही. दोन सामने, म्हणजे दोन लेग, एक आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. दोन्हींतले गोल मिळवायचे, ज्याचे जास्त तो पुढे. फायनल एकच असते, तिथे हा प्रश्न येत नाही. शूटआउटमधल्या पेनल्टी अ‍ॅग्रीगेटमध्ये धरत नाहीत, हेही सगळ्यांना माहीत आहे.

घोळ होतो तो पुढे. अवे गोलचा नियम ही अ‍ॅग्रीगेटची बेरीज करायची वेगळी पद्धत नव्हती. ती बेरीज बरोबरीत सुटली, तरच उघडायचं ते दुसरं पान होतं. आधी साधी बेरीज, प्रत्येक गोल एकच. एका गोलाचाही फरक निघाला तर विषय संपला, अवे गोलकडे बघायचंच नाही. बेरीज सारखी आली, तर आणि फक्त तरच, परक्या मैदानावर कोणी जास्त गोल केले ते मोजायचं. अवे गोल हा टायब्रेकर होता. कोल्हापूरकडच्या वाचकांना टायब्रेकर म्हटलं की लगेच पेनल्टी डोळ्यांपुढे येतील, कारण तिकडे शूटआउटलाच टायब्रेकर म्हणतात. इथे मला त्याचा मूळ अर्थ हवा आहे: बरोबरी फोडणारी गोष्ट.

‘मग डबल म्हटलं तर काय बिघडलं? उत्तर तेच येतं ना?’ असं मला हमखास विचारतात. ही समजूत इतकी टिकली त्याचं कारणच हे आहे. बेरीज सारखी असेल तेव्हा दोन्ही पद्धतींचं उत्तर खरोखर तेच येतं. बेरीज सारखी नसेल तेव्हा मात्र डबलवाला हिशेब चक्क दुसऱ्याच संघाला पुढे पाठवू शकतो. समजा ‘अ’ने घरी ४-२ असा विजय मिळवला आणि ‘ब’च्या मैदानावर तो ०-१ ने हरला. अ‍ॅग्रीगेट ४-३, ‘अ’ पुढे, वादाला जागा नाही. आता डबल करा. ‘अ’चे चार. ‘ब’चे परक्या मैदानावरचे दोन, म्हणजे चार, अधिक घरचा एक, झाले पाच. घरी बसायला हवा तो संघ पुढे गेला.

कागदावरचं उदाहरण पटत नसेल तर १७ एप्रिल २०१९ ची रात्र घ्या. मँचेस्टरचं एतिहाद स्टेडियम, क्वार्टरफायनलचा दुसरा लेग, मँचेस्टर सिटी विरुद्ध टॉटनम. आपल्याकडे घड्याळात साडेबारा वाजून गेलेले. पहिला लेग टॉटनमने लंडनमध्ये १-० असा जिंकला होता. मी वहीत दोन रकाने आखून बसलो होतो, एकात अ‍ॅग्रीगेट आणि दुसऱ्यात सिटीला अजून किती गोल हवेत तो आकडा. माझी ही जुनी सवय आहे, आणि त्या रात्री पहिल्या एकवीस मिनिटांत पाच वेळा आकडा खोडावा लागला.

चौथ्या मिनिटाला सिटीच्या स्टर्लिंगने गोल केला, अ‍ॅग्रीगेट १-१. सातव्या मिनिटाला सोनने टॉटनमचा पहिला अवे गोल मारला आणि दहाव्या मिनिटाला दुसरा. अ‍ॅग्रीगेट टॉटनम ३, सिटी १. आता सिटीला किती हवेत? दोन पुरणार नाहीत, कारण ३-३ झालं तर टॉटनमकडे दोन अवे गोल आणि सिटीकडे शून्य. म्हणून तीन. अकराव्या मिनिटाला बर्नार्डो सिल्व्हा, एकविसाव्या मिनिटाला पुन्हा स्टर्लिंग. अ‍ॅग्रीगेट ३-३, तरी टॉटनमच पुढे, सिटीला अजून एक हवा. तो एकोणसाठाव्या मिनिटाला अग्वेरोने मारला.

इथे थांबा, कारण सगळा घोळ इथेच सुटतो. सामन्याचा स्कोअर सिटी ४, टॉटनम २. अ‍ॅग्रीगेट सिटी ४, टॉटनम ३. बरोबरी नाही, त्यामुळे अवे गोलचं पान बंद. सिटी सेमीफायनलमध्ये, आणि खरा नियमही तेच म्हणतो. डबलचा हिशेब केला तर सिटीचे ४ आणि टॉटनमचे १ अधिक ४, म्हणजे ५. म्हणजे डबलवाल्यांच्या मते या घटकेलाही टॉटनमच पुढे! तसं असतं तर अग्वेरोच्या गोलनंतर ते स्टेडियम दणाणून उठलं असतं का? आणि टॉटनमला अजून एक गोल मारायची धडपड करावी लागली असती का?

त्यांना ती करावी लागली. त्र्याहत्तराव्या मिनिटाला कॉर्नरवर चेंडू योरेंतेच्या कमरेला लागून आत गेला. हाताला लागला का, म्हणून रेफ्री चाकिर यांनी स्क्रीनवर जाऊन पाहिलं आणि गोल दिला. अ‍ॅग्रीगेट ४-४. पान उघडलं: टॉटनमचे अवे गोल तीन, सिटीचे शून्य. टॉटनम पुढे. मग भरपाई वेळेत स्टर्लिंगने पुन्हा चेंडू जाळ्यात मारला आणि सिटीचे प्रशिक्षक गार्डिओला टचलाइनवर धावत सुटले. तो गोल मान्य झाला असता तर अ‍ॅग्रीगेट ५-४, सिटी पुढे. व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या रेफ्रीने, अग्वेरोचा ऑफसाइड पकडला आणि गोल रद्द झाला. आता डबलने मोजून बघा: सिटी ५, टॉटनम १ अधिक ६, म्हणजे ७. म्हणजे तो गोल मान्य होवो वा न होवो, टॉटनमच पुढे. अख्खं स्टेडियम ज्या गोलसाठी आधी वेडं झालं आणि मग सुन्न झालं, त्याला डबलच्या हिशेबात काडीची किंमत नाही. एवढं एक उदाहरण समोर असताना कोणी ‘डबल’ म्हणालं की माझा जीव तुटतो.

मागे बार्सिलोनाने पॅरिस सेंट जर्मेनविरुद्ध पहिल्या लेगमधल्या ०-४ वरून ६-१ असा सामना काढला होता, ८ मार्च २०१७ ला. अ‍ॅग्रीगेट ६-५, बार्सिलोना पुढे. त्यात पॅरिसच्या कावानीचा एक अवे गोल होता. तो डबल धरा, ६-६ होतात. बार्सिलोनाच्या सर्जी रॉबर्टोचा शेवटच्या क्षणाचा तो गोल मग फक्त तीस मिनिटांचा एक्स्ट्रा टाइम मिळवून देणारा ठरला असता.

दुसरी गफलत लहान आहे, पण वारंवार होते. ‘आमचे पण अवे गोल होते, मग आम्ही बाहेर कसे?’ मोजणी दोन्ही संघांची होते. पॅरिस सेंट जर्मेनने मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर २-० असा विजय मिळवला, म्हणजे त्यांच्या खात्यात दोन अवे गोल होते. ६ मार्च २०१९ ला पॅरिसमध्ये युनायटेडने लुकाकूचे दोन आणि भरपाई वेळेतली रॅशफर्डची पेनल्टी मिळून ३-१ केलं. अ‍ॅग्रीगेट ३-३, अवे गोल युनायटेडचे तीन, पॅरिसचे दोन. सेमीफायनलमध्ये टॉटनमविरुद्ध आयाक्सचंही तसंच. लंडनमध्ये व्हॅन डी बीकने केलेला एक अवे गोल त्यांच्याकडे होता आणि ॲम्स्टरडॅममध्ये हाफ टाइमला अ‍ॅग्रीगेट ३-० त्यांच्या बाजूने होतं. टॉटनमच्या लुकास मोराने दुसऱ्या हाफमध्ये तीन मारले. तिसरा भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटात: सिसोकोचा लांब चेंडू, योरेंतेने अंगावर घेतला, डेले अलीने अलगद पुढे सारला आणि मोराने डाव्या पायाने खालच्या कोपऱ्यात धाडला. ३-३, अवे गोल तीन विरुद्ध एक. आयाक्सचे खेळाडू जागच्या जागी कोसळले, ते दृश्य आजही बघवत नाही.

आणि कृपा करून त्याच हंगामातल्या लिव्हरपूल-बार्सिलोना सेमीफायनलला या यादीत घालू नका. बार्सिलोनाने घरी कॅम्प नोऊवर ३-० केलं, लिव्हरपूलने घरी ॲनफिल्डवर ४-०. त्या लढतीत अवे गोल एकही नाही. लिव्हरपूल सरळ ४-३ ने पुढे गेलं. नियमाची सावली मात्र तिथेही होतीच. लिव्हरपूलच्या ऑरिगीने चौथा मारल्यावरही बार्सिलोनाला एकच गोल पुरेसा होता, कारण ४-४ झाले असते आणि एकमेव अवे गोल त्यांचा असता. ॲनफिल्डवरच्या शेवटच्या दहा मिनिटांत जो श्वास रोखलेला होता, तो त्यामुळे.

नियम आला कशासाठी, हे कळलं की ‘डबल’चं भूत आपोआप उतरतं. तो गोलांची किंमत वाढवायला आला नव्हता, बरोबरी फोडायला आला होता. त्याआधी दोन लेगनंतर बरोबरी राहिली की तिसरा सामना त्रयस्थ मैदानावर होई, आणि तिथेही निकाल लागला नाही तर नाणेफेक. १९६५ मध्ये लिव्हरपूल आणि कोलोन यांच्यात ०-०, ०-० आणि मग रॉटरडॅममध्ये २-२ झाले. रेफ्रीने चकती उडवली, ती चिखलात उभीच रुतली, पुन्हा उडवावी लागली, आणि लिव्हरपूल पुढे गेलं. तीनशे मिनिटांच्या मेहनतीनंतर असा निकाल! त्याच वर्षी सुरू झालेल्या, कप विनर्स कप या युरोपातल्या दुसऱ्या स्पर्धेच्या हंगामात अवे गोलचा नियम आला आणि बुडापेस्टचा होनवेद संघ ड्युक्ला प्रागविरुद्ध ४-४ अशा बरोबरीनंतर त्यावर पुढे गेला. पाहुण्या संघाने नुसतं बचावात बसू नये, हा दुसरा हेतू.

मला हा नियम आवडायचा, हे लपवत नाही. परक्या मैदानावरच्या एका गोलने अख्ख्या लढतीचं गणित बदलायचं, त्यात थरार होता. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे: युएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, तो एक्स्ट्रा टाइममध्येही लावायची. ज्याच्या घरी दुसरा लेग, त्याच्यावर तो उघड अन्याय होता. पॅरिसमध्ये युनायटेड जिंकलं त्याच रात्री पोर्तोत रोमाचा सामना होता. रोममध्ये रोमाने २-१ केलं होतं, पोर्तोमध्ये नव्वद मिनिटांनी उलट २-१ झालं. अ‍ॅग्रीगेट ३-३, अवे गोल एकेक, म्हणून एक्स्ट्रा टाइम. ११७ व्या मिनिटाला ॲलेक्स टेलेसने पेनल्टीवर पोर्तोला पुढे नेलं. त्यानंतर रोमाने एक जरी मारला असता तरी ४-४ आणि अवे गोलवर रोमा पुढे. रोमाला अवे गोल करायला एकशेवीस मिनिटं मिळाली आणि पोर्तोला रोममध्ये नव्वदच. हे कुठल्या न्यायाने? नव्वद मिनिटांपुरता नियम ठेवला असता तर मी आजही त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो.

घरच्या मैदानाचा फायदा पूर्वीसारखा राहिला नाही, असं युएफाने २४ जून २०२१ ला सांगितलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून यजमानांच्या विजयांचं प्रमाण ६१ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर आलं होतं. आणि २००३ च्या सेमीफायनलमध्ये एसी मिलान आणि इंटर हे दोघंही एकाच सान सिरो मैदानावर खेळले, तरी ०-० आणि १-१ नंतर एसी मिलान ‘अवे’ गोलवर पुढे गेलं, हेही सगळ्यांना आठवत होतंच. २०२१-२२ पासून नियम गेला. आता बरोबरी झाली की एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्टी.

ती सवय मोडायला मात्र वेळ लागला. ४ मे २०२२, रियाल माद्रिद विरुद्ध मँचेस्टर सिटी. पहिल्या लेगला सिटीने घरी ४-३ केलं होतं. माद्रिदमध्ये माहरेझने मारल्यावर सिटी ५-३ ने पुढे, आणि मग रॉड्रिगोने नव्वदाव्या आणि त्याच्या पुढच्या मिनिटाला लागोपाठ दोन मारले. ५-५. रियालचे अवे गोल तीन, सिटीचा एक. नव्वद मिनिटं संपल्याची शिट्टी झाली आणि माझा मोठा भाऊ उठून म्हणाला, ‘झालं, रियाल फायनलला. लाइट बंद कर, उद्या ऑफिस आहे.’ ‘दादा, बस खाली,’ मी म्हटलं, ‘तो नियम गेला, अजून तीस मिनिटं आहेत.’ तो विश्वास ठेवेना. मग पडद्यावर खेळाडू मैदानातच पाणी पिताना, पायाला मालिश करून घेताना दिसले, आणि तो गुपचूप माझ्या शेजारी येऊन बसला. पाचव्याच मिनिटाला बेन्झेमाने पेनल्टी मारली.